बॉयसीच्या टेकड्यांवर सायकलने एक अख्खा दिवस: वाटेला वाट जोडत

सोंडवाट

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातला कॅमल्स बॅक पार्कातून सायकल काढली आणि संध्याकाळी साडेचारला तिथेच टेकवली. मधे ५५ किलोमीटर झाले, चढ सगळा मिळून १४०० मीटरच्या आसपास. आठ वर्षं या गावात आहे. यातली प्रत्येक वाट सुटी सुटी कितीतरी वेळा केली होती, पण एकीला दुसरी जोडत दिवसभर फिरायचा योग या वर्षी पहिल्यांदा आला. अजून पायांत आहे, तोवर लिहून काढतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बॉयसी ही आयडाहो राज्याची राजधानी. शहर ८३० मीटर उंचीवर आहे, आणि उत्तरेकडे घरांची शेवटची रांग संपली की लगेच टेकड्या सुरू होतात. मागे बोगस बेसिनचा डोंगर. त्याचं टोक, शेफर ब्यूट, २३०० मीटरच्या थोडं वर. वरच्या धारेपासून शहराकडे एकामागून एक सोंडा उतरत येतात आणि दोन सोंडांच्या मधे घळ. इथले लोक तिला गल्च म्हणतात, पण सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला घळ आणि सोंड एवढे दोन शब्द माहीत असले की इथला नकाशा लगेच कळतो.

पार्कातून केस्ट्रेल नावाची वाट, मग क्रेस्टलाइन. ही वाट हल्स गल्चच्या कडेकडेने जाते, चढ सौम्य, एका वेळी एकच सायकल मावेल एवढी रुंदी. सकाळी सहा-सात अंश होते, बोटं गार पडली होती. दोन्ही बाजूंना बाल्समरूटची पिवळी फुलं, सूर्यफुलाच्या कुळातली. सेजब्रशच्या झुडपाला हँडल घासलं की जो वास येतो, तो मला ओव्याच्या जवळचा वाटतो, फक्त जास्त कडवट. वर एट्थ स्ट्रीटच्या कच्च्या रस्त्याला लागलो, तिथून स्कॉट्स, स्कॉट्सवरून कोरल्स, आणि मग हार्ड गाय.

हार्ड गायबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दिवसाचं खरं काम तिथेच झालं. साडेसहा किलोमीटरच्या आसपास सलग चढ, सावली नाही, पाणी नाही. जमीन ग्रॅनाइट कुजून झालेली. तळहातावर घेतली तर भरड रव्यासारखी, मधे अभ्रकाचे कण चमकतात. कोरडी असली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उभं राहून पेडल मारलं की चाकावरचा भार जातो आणि घसरलीच. त्यामुळे बसूनच राहायचं, सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, कोपर खाली, आणि सर्वांत हलका गिअर लावून गोल पाय फिरवत राहायचं. दोन ठिकाणी उतरून ढकलली. वर पोचायला सव्वा तास लागला. धारेवर उत्तरेच्या बाजूला झाडांखाली अजून बर्फाचे तुकडे होते. तिथे बसून तूप-साखरेची पोळी आणि खजूर खाल्ले.

धारेच्या रस्त्याने पुढे जाऊन एट्थ स्ट्रीटने खाली आलो. या उतारावर डोंगराच्या अंगावर आडव्या, समांतर रेषा दिसतात, शेताच्या बांधांसारख्या. १९९६ च्या ऑगस्टमध्ये इथे मोठी आग लागली होती, साधारण १५ हजार एकर जळाले. झुडपं गेल्यावर पहिल्या मोठ्या पावसात सगळी माती शहरावर येईल या भीतीने हे चर खणले. तीस वर्षं होत आली, तरी तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात. ते पाहिले की मी ब्रेक लावून एकदा थांबतोच.

दुपारनंतर दुसरा डाव: साइडवाइंडर, फॅट टायर, थ्री बेअर्स, शेन्सचा फेरा, आणि मिलिटरी रिझर्व्ह नावाच्या पार्कात बकटेलने उतार. साइडवाइंडरचा चढ सकाळी काहीच वाटला नसता. दुपारी दीडला, अंगावर आधीचे हजार मीटर असताना, प्रत्येक वळणाला पोटऱ्या बोलत होत्या. पण शेन्सच्या टोकावरून मागे वळून पाहिलं तेव्हा सकाळची सोंड, हार्ड गायची वळणं, धार, खाली शहरातली झाडं, सगळं एका नजरेत आलं. सकाळपासूनचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी अखंड दिसला. त्यासाठीच केला होता सगळा खटाटोप.

हे सगळं जोडलेलं आहे ते आपोआप नाही. रिज टू रिव्हर्स नावाची व्यवस्था १९९२ पासून आहे. शहर, काउंटी, केंद्राची वन व जमीन खाती आणि राज्याचं वन्यजीव खातं मिळून या वाटा सांभाळतात. आज ३०० किलोमीटरहून जास्त वाटा आहेत. टेकड्यांवर घरं चढायला लागली तेव्हा, २००१ च्या मे महिन्यात, गावाने मत देऊन स्वतःवर जादा कर बसवून घेतला, दोन वर्षांत एक कोटी डॉलर, फक्त मोकळी जमीन राखण्यासाठी. २०१५ मध्ये पुन्हा तेवढ्याच रकमेसाठी मतदान झालं आणि लोकांनी पुन्हा होकार दिला. मी त्या सोंडेवरून जातो तेव्हा मला हे आठवतं, की ही जमीन कुणीतरी खिशातले पैसे देऊन माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे.

---

मुरूममाती

वाचताना दम लागला. मी पुण्यात असतो, आठवड्यातून दोनदा सायकल चालवतो. दोन प्रश्न. पहिला, सायकल कुठली? पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन लागतं का? दुसरा, पंक्चर किती झाले?

---

सोंडवाट

माझी पुढेच सस्पेन्शन असलेली आहे, १२० मिलिमीटरची. बॉयसीच्या खालच्या वाटांना ती पुरते, दगड फार नाहीत. दिवसभर बसायचं असेल तर मागच्या सस्पेन्शनने कंबर वाचते हे खरं, पण हार्ड गायवर वजन जास्त जाणवतं. टायर २.३५ इंची, ट्यूबलेस. हवा पुढे २१, मागे २४ पीएसआय, माझं वजन ७२ किलो आहे त्या हिशेबाने. जास्त हवा भरली की त्या भरड मातीत चाक धरत नाही.

आणि पंक्चर! याच्यासाठी तुम्हाला एक गंमत सांगायलाच हवी. मिलिटरी रिझर्व्हमधून बाहेर पडलो, रस्त्याच्या कडेला गाडीला वाट द्यायला दोन पावलं गवतात गेलो, आणि मागच्या चाकातून सूऽऽ. पाहतो तर सराटे! आपले शेतातले सराटे, गोखरू. मागच्या वर्षीचे वाळलेले, दगडासारखे टणक. फळ फुटून त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन मोठे काटे, आणि कसाही पडला तरी एक काटा वर. इथे त्याला गोटहेड म्हणतात, बकरीच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून. हा काटा इथला नव्हे, आपल्याकडच्या जगातून इकडे आलेला. माझं आजोळ बार्शीकडचं. लहानपणी अनवाणी शेतात गेलं की आजी पायातून हेच काटे बाभळीच्या काट्याने काढायची. इथल्या फुटपाथवर बसून टायरमधून ते नखांनी उपटताना आजीची फार आठवण आली.

सात निघाले. सगळे उपटल्यावर चाक फिरवत राहिलो, पांढरं सीलंट भोकांतून बुडबुड्यासारखं आलं आणि अर्ध्या मिनिटात बसलं. ट्यूब असती तर तिची चाळणी झाली असती. बॉयसीत २०१८ मध्ये गोटहेडच्या नावाने सायकलवाल्यांचा उत्सवही सुरू झाला, आणि लोक उन्हाळ्यात पोती भरभरून ही झुडपं उपटतात.

---

अंजनवेल

सराट्याचं वाचून अगदी जवळचं वाटलं. आमच्याकडे पायाला टोचला की "सराटा रुतला" म्हणतात, काटा रुतला असं कुणी म्हणत नाही, त्याचं नावच वेगळं घेतात.

टेकडीवर कुसळं असतात का हो? पुण्यात वेताळ टेकडीवर दिवाळीनंतर मोज्यांत शिरली की धुऊनही निघत नाहीत.

---

सोंडवाट

असतात. चीटग्रास नावाचं गवत आहे, तेही बाहेरून आलेलं. जूनमध्ये वाळून तांबूस होतं आणि त्याची कुसळं मोज्यात, कुत्र्यांच्या कानात, सगळीकडे. त्याहून वाईट म्हणजे ते पेटतं फार लवकर. ३० जून २०१६ ला टेबल रॉकच्या टेकडीवर फटाक्यांनी आग लागली, ती याच वाळक्या गवतामुळे पसरली. पूर्वी इथे झुडपं एकमेकांपासून लांब होती, मधे माती मोकळी असायची. आता ती मधली जागा या गवताने भरली आहे.

---

पायजोड

मला जरा वेगळं लिहायचं आहे, राग मानू नका. मी सायकल चालवत नाही, चालते. पंधरा वर्षं रोज सकाळी वेताळ टेकडी. माझी आई ७४ वर्षांची आहे, तिच्यामुळे तर मी जायला लागले. गेल्या पावसाळ्याआधी एक जण खाणीकडून उतारावर मागून इतक्या जोरात आला, की आई बाजूला व्हायला गेली आणि पडली. मनगट दुखावलं. तो थांबला नाही. तेव्हापासून आई टेकडीवर येत नाही, घराखाली फेऱ्या मारते. अशा धाग्यांमुळे आणखी चार जण टेकडीवर सायकल घेऊन येतील, याची मला खरोखर भीती वाटते. पुण्याच्या टेकड्या काही ३०० किलोमीटरच्या नाहीत. सकाळी सहाला तिथे केवढी माणसं असतात ते तुम्ही पाहिलंय का?

---

सोंडवाट

राग कसला, उलट हे लिहिलंत ते बरं झालं. आईंचं मनगट आता कसं आहे?

तो माणूस थांबला नाही हे अक्षम्य आहे. इथे हे नियम पहिल्या दिवशी शिकवतात: सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, नेहमी. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यायची. मागून आलात तर लांबूनच बोलायचं, वेग पायी माणसाइतका करायचा, आणि "पुढे जाऊ का" विचारून मगच पुढे. माझ्या हँडलला घंटी आहे. वळण दिसत नसेल तर मी ती आधीपासून वाजवतो.

पण नुसत्या सभ्यतेवर सोडून चालत नाही, हेही इथे लोकांना कळलं. गर्दी वाढल्यावर त्यांनी काही वाटा वाटून दिल्या. बकटेल आता फक्त उतरणाऱ्या सायकलींसाठी. लोअर हल्स गल्चला तारखेचा नियम: सम तारखेला ती फक्त उतरणाऱ्या सायकलींची, विषम तारखेला उतारावरून एकही सायकल येत नाही, चालणाऱ्यांनी निर्धास्त जावं. आणि अप्पर हल्स गल्च तर पायी माणसांसाठीच राखलेली आहे. वाटेच्या तोंडाशी पाटी असते. मी सम-विषम पाहून रस्ता आखतो, माझ्या फोनमध्ये त्याची आठवण लावलेली आहे.

पुण्याबद्दल तुमचंच बरोबर. तिथली टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे. मी सुट्टीत येतो तेव्हा तिथे सायकल नेत नाही, वडिलांबरोबर पायीच जातो.

---

मुरूममाती

@पायजोड, मी टेकडीवर सायकल नेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मलाही उत्तर द्यायला हवं. मी पहाटे साडेपाचच्या आत खाली उतरलेला असतो, तरी तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यात तुमच्यासारखे चालणारे होते आणि आमच्यासारखे सायकलवालेही. टेकडीतून रस्ता आणि बोगदे गेले तर आपल्या दोघांनाही काही उरणार नाही.

माझा एक मुद्दा मात्र आहे. हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, वेताळ, चतुःशृंगी, पाषाणची पंचवटी: हा सगळा एकच डोंगर आहे, त्याला आपण वेगवेगळी नावं दिली. तो अखंड आहे म्हणूनच मोर या टोकाचा त्या टोकाला जातो. मधे एक रस्ता गेला की दोन तुकडे. बॉयसीचं वाचून मला जास्त हेच लागलं, की त्यांनी जोड राखला.

---

पायजोड

मनगट बरं आहे, विचारलंत म्हणून सांगते. प्लास्टर नव्हतं लागलं. भीती गेलेली नाही अजून.

सम-विषम तारखेची कल्पना मला आवडली. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे विषम तारखेला मी जाऊ शकते." इथे असा काही नियम नाही हे तिला सांगवलं नाही.

---

धारेवरचा

मी तुमच्यापासून फार लांब नाही, सॉल्ट लेक सिटीत असतो. चिखलाचं लिहिलं नाहीत. आमच्याकडे मार्चमध्ये वाटांची अवस्था बघवत नाही.

---

सोंडवाट

राहिलंच ते. इथल्या अर्ध्या वाटा वाळूच्या, अर्ध्या चिकणमातीच्या. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री जमीन गोठते आणि दुपारी वरचा दोन बोटं थर वितळतो. तेव्हा चिकणमातीवर गेलं की टायरला माती अशी बसते, की चाक फ्रेममध्ये फिरायचं थांबतं. आणि मागे जी खोल चाकोरी पडते ती वाळून महिनोन्‌महिने तशीच राहते, त्यातून पाणी वाहतं, वाट तुटते. लोक मग चिखल टाळायला कडेने जातात आणि एका वाटेच्या तीन होतात.

साधा नियम: मागे वळून पाहायचं. ठसा उमटत असेल तर परत फिरायचं. हिवाळ्यात जायचंच असेल तर उजाडताना, जमीन गोठलेली असताना, आणि नऊच्या आत खाली. नाहीतर वाळूच्या वाटा धरायच्या, त्यांतून पाणी निचरून जातं. मी पहिल्या वर्षी ही चूक केली होती. वर जाणाऱ्या एका वयस्क बाईंनी थांबवून माझंच चाक मला दाखवलं, काही न बोलता. दुसऱ्या आठवड्यात वाट दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर फावडं घेऊन गेलो. पाणी बाजूला काढायला वाटेला बाहेरच्या अंगाने किती थोडा उतार द्यावा लागतो, ते त्या दिवशी हाताने कळलं.

---

अंजनवेल

प्राणी दिसतात का? साप?

---

सोंडवाट

रॅटलस्नेक आहेत, मे ते सप्टेंबर जपावं लागतं, विशेषतः संध्याकाळी तापलेल्या वाटेवर. हिवाळ्यात वरून हरणं खाली उतरतात. पण सर्वांत सुंदर म्हणजे मेंढ्या. वसंतात शेकडो मेंढ्यांचे कळप या टेकड्यांवरून वर चरायला जातात. पूर्वी मेंढपाळ बास्क लोक होते, स्पेनच्या उत्तरेकडून आलेले. बॉयसीत त्यांची मोठी वस्ती अजून आहे. आता बरेचसे पेरूचे असतात. कळपाबरोबर पांढरी, दांडगी राखणीची कुत्री. त्या दिवसांत सूचना लावतात: सायकलवरून उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, आवाज न करता चालत जा.

एकदा मार्चअखेरीला धुक्यात आधी घंटा ऐकू आल्या, मग वास आला, मग कळप. उतरून उभा राहिलो. दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी लोकरच लोकर वाहत होती. कुत्र्याने माझ्या पुढच्या चाकाचा वास घेतला आणि निघून गेलं. मेंढपाळाने हात वर केला, मीही केला. पाऊस संपल्यावर माणदेशातून कोकणाकडे उतरणारे धनगर डोळ्यांपुढे आले. तीच चाल, खांद्यावर आडवी काठी.

---

हरभरा

नमस्कार. मी नाशिकची, वय ५८. मुलगा बॉयसीला नोकरीला आहे, सप्टेंबरात सहा आठवडे त्याच्याकडे येते आहे. गंगापूर रोडने रोज १५-२० किलोमीटर सायकल चालवते, पण अशा कच्च्या वाटेवर कधी नाही. मला यातलं काही झेपेल का? हार्ड गाय वगैरे नको.

---

सोंडवाट

काकू, नक्की झेपेल. रोज २० करता म्हणजे दम आहेच, फक्त उताराची सवय हवी. भाड्याने सायकल मिळते, पुढे सस्पेन्शन असलेली घ्या, आणि सीट एक बोट खाली ठेवायला सांगा, म्हणजे पाय पटकन टेकतो. पहिले दोन दिवस पार्कातच, हल्स गल्चच्या खालच्या सपाट वाटांवर. तिसऱ्या दिवशी केस्ट्रेल आणि क्रेस्टलाइन, वर जाऊन त्याच वाटेने परत. पुढचा ब्रेक एका बोटाने, मागचाही एका बोटाने, दोन्ही बरोबर हळूहळू. वळणात ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी वेग कमी करायचा. नजर चाकापुढे नको, दहा पावलं लांब ठेवा.

पाणी दोन लिटर घ्याच, वर कुठे मिळत नाही. सप्टेंबरात कधी कधी वणव्यांचा धूर येतो, त्या दिवशी घरी राहा. आणि रस्त्याकडेच्या गवतात चाक घालू नका, सराटे तेव्हा भरात असतात.

मुलाला वेळ नसेल तर मी येईन बरोबर. शनिवारी सकाळी सात, कॅमल्स बॅक.

---

हरभरा

शनिवार सकाळ सात, लिहून ठेवलं. तूप-साखरेच्या पोळ्या मी करून आणते.

---

पायजोड

काकू, परत आल्यावर इथेच लिहा. आईला वाचून दाखवायचं आहे.